हात पाटीवर, नजर पडद्यावर: फोटोच्या 'टचिंग'ची एकशेसत्तर वर्षं

ज्यांनी गाडीवर असताना अर्धाच भाग ऐकला, किंवा ज्यांना नावं आणि सालं नीट वाचायची आहेत, त्यांच्यासाठी आजच्या भागाची ही लिखित आवृत्ती. बोललो तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त मधलं 'म्हणजे काय की' थोडं कमी केलंय.

आजचा विषय एका प्रश्नातून आलाय. प्रश्न आला माळेगाव बुद्रुकहून. नाशिक जिल्ह्यातलं मालेगाव नाही, खंडोबाच्या जत्रेचं नांदेडकडचं माळेगावही नाही. हे बारामती तालुक्यातलं, साखर कारखान्याचं माळेगाव. प्रश्न असा: "दादा, मी लग्नाच्या अल्बमचं टचिंग करतो. माउसनं मनगट दुखतं. पेन टॅब्लेट घेऊ की पेन डिस्प्ले? एकात तीन-चार हजार जातात, दुसऱ्यात वीसच्या पुढे. चुकलं तर अख्ख्या सीझनचे पैसे गेले."

यूट्यूबवर या प्रश्नाची शंभर उत्तरं मिळतील. पण आपला पॉडकास्ट इतिहासाचा आहे, त्यामुळे आपण जरा मागून जाऊ. ज्यांच्याकडे फोटोशॉप नव्हतं, कॉम्प्युटर नव्हता, बऱ्याचदा वीजही नव्हती, ती माणसं फोटोतला डाग कसा काढायची? त्यांचा हात कुठे असायचा आणि नजर कुठे? हे कळलं की टॅब्लेट आणि डिस्प्लेचं भांडण बरंच सोपं होतं.

आधी दोन वस्तू समजून घेऊ. पेन टॅब्लेट म्हणजे एक काळी पाटी. तिच्यावर काहीही उमटत नाही. तुम्ही पाटीवर पेन फिरवता आणि समोरच्या पडद्यावर रेघ येते. हात खाली, नजर वर. पेन डिस्प्ले म्हणजे पडदा असलेली पाटी. फोटो तिच्यावरच दिसतो, पेनही त्याच फोटोवर फिरतं. हात आणि नजर एकाच जागी. बाकी सगळे फरक या एका फरकातून निघतात.

मुंबई, १८५४

फोटोग्राफीचा शोध जगापुढे आला १८३९ मध्ये. त्यानंतर पंधरा वर्षांत, १८५४ मध्ये, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. सभासद बहुतेक इंग्रज, पण त्यांत डॉ. भाऊ दाजी लाडही होते. तेच, ज्यांच्या नावानं भायखळ्याचं संग्रहालय आहे. त्यांचे धाकटे भाऊ डॉ. नारायण दाजी तर स्वतः फोटो काढायचे. हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारख्या भारतीय माणसांनी मुंबईत स्वतःचे स्टुडिओ चालवले.

याच सोसायटीच्या लोकांमध्ये विल्यम जॉन्सन नावाचा फोटोग्राफर होता. मुंबईतल्या वेगवेगळ्या समाजांच्या लोकांचे फोटो असलेलं त्याचं पुस्तक दोन खंडांत आलं, १८६३ आणि १८६६ मध्ये. त्यातले फोटो बघितले तर माणसं मोकळ्या जागेत, देवळासमोर, पाण्याकाठी उभी आहेत असं वाटतं. प्रत्यक्षात त्यातल्या पुष्कळ माणसांचे फोटो स्टुडिओत काढलेत, मागचं दृश्य वेगळ्या निगेटिव्हवरून घेतलंय आणि दोन्ही जोडलेत. आजच्या भाषेत सांगायचं तर कटआउट मारून बॅकग्राउंड चेंज केलंय! म्हणजे 'पूर्वीचे फोटो खरे असायचे, आता सगळं एडिट असतं' असं कुणी म्हणालं तर त्यांना हे पुस्तक दाखवा.

काच, पेन्सिल आणि आरसा

आता चेहऱ्यावरच्या टचिंगकडे येऊ. जर्मनीतल्या म्युनिकच्या फ्रांझ हानफ्स्टेंगल या फोटोग्राफरनं १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात टचिंग केलेली निगेटिव्ह आणि तिचे आधीचे-नंतरचे प्रिंट मांडले, असं फोटोग्राफीच्या इतिहासात सांगितलं जातं. लोकांना दिसलं की चेहरा बदलता येतो. पुढच्या काही वर्षांत हे काम स्टुडिओंमध्ये नेहमीचं झालं आणि त्यासाठी खास टेबल तयार झालं: रिटचिंग डेस्क.

हे डेस्क डोळ्यांपुढे आणा. तिरकी लाकडी चौकट, मधे दुधी काच. खाली आरसा, खिडकीतला उजेड वर फेकणारा. काचेवर निगेटिव्ह ठेवायची, म्हणजे ती मागून उजळते. वर कापडाची किंवा लाकडाची झडप, आजूबाजूचा उजेड डोळ्यांवर येऊ नये म्हणून. निगेटिव्हवर आधी एक चिकट वार्निश चोळायचं, कारण नुसत्या गुळगुळीत थरावर पेन्सिल लागत नाही. मग लांब, सुईसारखं टोक काढलेल्या पेन्सिलीनं बारीक बारीक ठिपके आणि स्वल्पविरामासारख्या रेघा मारत जायचं.

मागून उजळलेला पडदा, त्यावर चित्र, हातात पेन आणि मान खाली. म्हणजे हा सरळ सरळ पेन डिस्प्लेच झाला की! मग जुन्या कारागिरांची परंपरा डिस्प्लेच्या बाजूनं आहे, असंच वाटेल. पण थांबा, इथेच एक गंमत आहे.

ते निगेटिव्हवर काम करत होते. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. चेहऱ्यावरची सुरकुती ही सावली, म्हणून निगेटिव्हमध्ये ती फिकट, पारदर्शक रेघ असते. कारागीर तिच्यावर पेन्सिल फिरवतो, रेघ गडद होते आणि छापल्यावर चेहऱ्यावरची तीच जागा उजळ येते. जितकं काळं कराल तितकं पांढरं मिळणार. एखादी जागा छापात गडद हवी असेल तर निगेटिव्हवरचा थर पात्यानं हलक्या हातानं खरवडायचा. थोडा हात चुकला की काच उघडी पडली आणि निगेटिव्ह गेली.

म्हणजे हात आणि नजर एकाच जागी होती खरी, पण ते बघत होते ते चित्र अंतिम नव्हतंच. अंतिम चित्र कागदावर, प्रिंट काढल्यावर दिसणार. तोवर ते डोक्यात बघायचं. काम इथे करायचं आणि परिणाम तिथे उमटणार, हे फोटो टचिंगमध्ये पहिल्यापासून आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणखी एक. त्या काळच्या काचांना निळा उजेड जास्त कळायचा, लाल आणि पिवळा फार कमी. त्यामुळे लालसर डाग, वांग, तपकिरी कातडी हे सगळं डोळ्यांना दिसतं त्यापेक्षा गडद उतरायचं. दोष चेहऱ्याचा नव्हता, काचेचा होता. तो भरून काढायला टचिंग होतं. पण पेन्सिलीनं उजळ करणं सोपं आणि पात्यानं गडद करणं धोक्याचं, त्यामुळे सोपी वाट एकाच दिशेला जायची: चेहरा उजळ करत जायचं. काचेचा दोष भरून निघाला तरी हात काही थांबला नाही. तो आजही थांबलेला नाही, त्याबद्दल शेवटी बोलू.

दगडावरची उलटी चित्रं

हात एकीकडे आणि परिणाम दुसरीकडे, हे फक्त फोटोतच होतं असं नाही. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे देवदेवतांची रंगीत चित्रं दगडावरून छापली जायची. प्रत्येक रंगाला वेगळा दगड आणि दगडावरचं चित्र आरशातल्यासारखं उलटं. काढणाऱ्याला पूर्ण लक्ष्मी कधीच एका जागी दिसत नव्हती. एका दगडावर फक्त लाल, दुसऱ्यावर फक्त पिवळा. सगळे दगड एका कागदावर छापून झाले की मग लक्ष्मी.

याच छापखान्यासाठी काम केलं होतं दादासाहेब फाळक्यांनी. त्र्यंबकेश्वरचा हा माणूस १८८५ मध्ये जे. जे. कलाशाळेत शिकला, मग बडोद्याच्या कलाभवनात फोटोग्राफी आणि छपाई शिकला, फोटोग्राफर म्हणून धंदा केला, ब्लॉक बनवले, स्वतःचा छापखाना काढला. आणि १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' आणला. आपण त्यांना सिनेमावाले म्हणून ओळखतो, पण त्याआधीची वीसेक वर्षं ते निगेटिव्ह, काच, शाई आणि उलट्या चित्रांच्या दुनियेत होते. ज्यांना डोळ्यांसमोर नसलेलं चित्र डोक्यात धरता येतं, अशा लोकांची ती दुनिया.

गावात एकच फोटो

मुंबई-पुण्यातून हे काम तालुक्याच्या गावांपर्यंत गेलं. तुमच्या घरी भिंतीवर पणजोबांचा फोटो असेल तर तो जरा जवळून बघा. फेट्याची रेघ हातानं ओढलेली असेल. डोळ्यांत पांढरा ठिपका ठेवलेला असेल. कोट तर बऱ्याचदा पणजोबांचा नसतोच, तो स्टुडिओचा असतो किंवा रंगवलेला असतो.

त्या काळात पुष्कळ लोकांचा आयुष्यात एखादाच फोटो निघायचा, तोही कुणाच्या तरी लग्नातला ग्रुप फोटो. माणूस गेल्यावर घरचे तो घेऊन स्टुडिओत यायचे: "यातलं बापूंचं तोंड तेवढं मोठं करून द्या." मग नखाएवढा चेहरा मोठा करायचा. तो धूसर यायचा, म्हणून कडा, भुवया, मिशी हातानं भरायची. कधी आजी एका फोटोत आणि आजोबा दुसऱ्या. दोघांना शेजारी बसवायचं. जॉन्सननं मुंबईत केलं तेच काम, पण इथे हेतू वेगळा. आयुष्यभर एका फोटोत न आलेलं जोडपं निदान भिंतीवर तरी एकत्र यावं, एवढाच.

या कामात चूक परवडत नव्हती. मूळ फोटो एकच. नाक जरा इकडे गेलं की घरचे म्हणणार, "हे आमचे बापू नव्हेत." आजही जुना फोटो दुरुस्त करायला कुणी आणून देतं तेव्हा जोखीम तीच असते.

पुढे ३५ मिलिमीटरचा रोल सर्रास झाला. त्याची निगेटिव्ह इतकी छोटी की तिच्यावर पेन्सिल चालवणं जवळजवळ अशक्य. मग टचिंग निगेटिव्हवरून प्रिंटवर आलं. धुळीमुळे पडलेले पांढरे ठिपके दोन-चार केसांच्या ब्रशनं रंग लावून बुजवायचे, ब्लॅक अँड व्हाइट फोटोला हातानं रंग द्यायचे. इथे मात्र हात, नजर आणि अंतिम चित्र तिन्ही एकाच जागी आले. पण त्यात 'अनडू' नव्हतं.

१९६३ आणि १९६४: दोन रस्ते

आता अमेरिकेत जाऊ, कारण आपल्या टॅब्लेट आणि डिस्प्लेचा जन्म तिथला आहे. एका वर्षाच्या अंतरानं दोन्ही रस्ते उघडले.

१९६३ मध्ये आयव्हन सदरलंड या एमआयटीच्या विद्यार्थ्यानं पीएचडीसाठी 'स्केचपॅड' नावाचा प्रोग्रॅम केला. कॉम्प्युटरच्या पडद्यावर थेट पेन टेकवून रेघा, वर्तुळं काढायची. त्या पेनाला लाइट पेन म्हणायचे. ते उजेड सोडत नव्हतं, पडद्यावरचा उजेड ओळखत होतं. हा झाला पेन डिस्प्लेचा रस्ता. त्रास एकच: पडदा उभा, त्यामुळे हात सतत हवेत. उभ्या भिंतीवर अर्धा तास लिहून बघा, खांदा सांगेल.

१९६४ मध्ये रँड कॉर्पोरेशन या संस्थेनं उलटा विचार केला. टेबलावर साधारण दहा इंच बाय दहा इंचाची आडवी पाटी, तिच्या आत तारांची जाळी, दर इंचाला शंभर रेघा. पेन कुठे आहे ते पाटी ओळखणार आणि रेघ समोरच्या पडद्यावर दिसणार. हा झाला पेन टॅब्लेटचा रस्ता. लोकांना शंका होती की हात खाली आणि नजर वर असं कुणाला जमेल? जमलं. आणि फार वेळही लागला नाही.

तुम्हालाही हे जमतं, तुम्ही कधी मोजलं नाही एवढंच. टायपिंगच्या क्लासला गेला असाल तर आठवा. मराठी ३० ची परीक्षा देताना नजर उताऱ्यावर असते आणि बोटं आपोआप चालतात. जो कीबोर्डकडे बघत टाइप करतो तो ३० ला पोहोचत नाही. माउसही तसाच. हात टेबलावर, बाण पडद्यावर, आणि माउसकडे कुणी बघत नाही.

पण एक फरक आहे आणि तो तुमच्या पिढीचा आहे. तुमच्यातल्या अनेकांनी माउसच्या आधी स्मार्टफोन हातात घेतला. फोनवर बोट थेट फोटोवर जातं. त्यामुळे टॅब्लेट पहिल्यांदा हातात आला की विचित्र वाटतं आणि डिस्प्ले 'नॅचरल' वाटतो. त्या पहिल्या दहा मिनिटांवर वीस हजारांचा निर्णय घेऊ नका. सवय साधारण आठ-पंधरा दिवसांत होते.

पेनला दाब कळला

टचिंगसाठी नुसती जागा कळून भागत नाही. पेन्सिल हलकी फिरवली की फिकट आणि दाबली की गडद, हे हवंच. १९८१ मध्ये इंग्लंडच्या क्वांटेल कंपनीनं टीव्ही स्टुडिओंसाठी 'पेंटबॉक्स' आणला. त्याच्या पेनाला हाताचा दाब कळायचा. पण ते मशीन मोठ्या टीव्ही कंपन्यांनाच परवडणारं.

१९८३ मध्ये जपानमध्ये वॅकॉम ही कंपनी सुरू झाली. तिनं पेनाची वायर काढून टाकली, आणि बॅटरीसुद्धा. पाटीच्या पोटातली तारांची जाळी लहरींमधून पेनाला थोडी ऊर्जा देते. पेनातली छोटी कॉइल त्याच ऊर्जेवर उलट उत्तर पाठवते: मी इथे आहे आणि इतकी दाबलेली आहे. सॅमसंगच्या नोट फोनचं पेन आठवतं? २०११ च्या पहिल्या नोटमध्ये हेच वॅकॉमचं तंत्र होतं.

१९९० मध्ये फोटोशॉप आलं. १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत लेअर आले, म्हणजे मूळ फोटोला हात न लावता वर काम करायची सोय. २००१ मध्ये वॅकॉमनं 'सिंटिक' या नावानं पेन डिस्प्ले आणला. सदरलंडचा रस्ता पुन्हा उघडला, पण आता पडदा पातळ आणि आडवा ठेवता येणारा. किंमत मात्र तालुक्यातल्या स्टुडिओनं विचारूही नये अशी. पुढे ह्युऑन, एक्सपी-पेन या चिनी कंपन्या आल्या आणि दोन्ही वस्तू स्वस्त झाल्या. म्हणूनच तर आज माळेगावातून हा प्रश्न येऊ शकतो. वीस वर्षांपूर्वी तो प्रश्नच नव्हता.

अल्बम आणि फ्लेक्स

आता बारामती-इंदापूर पट्ट्यात टचिंगचं काम नेमकं असतं तरी काय? ढोबळमानानं तीन प्रकारचं.

पहिलं, लग्नाचे अल्बम. तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू. १२ बाय ३६ इंचाचं पान, म्हणजे ३०० डीपीआयला ३६०० बाय १०८०० पिक्सेल. शेकडो फोटो, त्यातले निवडक चेहरे नीट साफ करायचे, घाम, डाग, हळदीचा पिवळेपणा, फ्लॅशची चमक. हे सगळं वेळेत.

दुसरं, फ्लेक्स. वाढदिवस, निवड, निवडणूक, दहावी-बारावीचा निकाल. कोरल ड्रॉ, श्रीलिपी आणि माणसाचा कटआउट. फ्लेक्स वीस फुटांवरून बघतात, त्यामुळे त्यात त्वचेचं बारीक काम वाया जातं. तिथे कटिंग महत्त्वाचं: केस, फेटा, उपरण्याची कड.

तिसरं, जुने फोटो दुरुस्त करणं. काम संख्येनं कमी, पण वेळ सगळ्यात जास्त खाणारं. फाटलेला कोपरा, बुरशी, गेलेला डोळा.

मग घ्यायचं काय?

आता इतिहास इथे लावू. टचिंग म्हणजे चित्र काढणं नव्हे. चित्र काढणाऱ्याला रेघ कुठे सुरू झाली आणि कुठे संपली हे टोकाशी बघावं लागतं. टचिंगवाल्याला पूर्ण चेहरा बघावा लागतो: गाल साफ केला तर तो कपाळाशी जुळतो का, मान वेगळ्या रंगाची दिसते का. त्याची नजर मोकळी हवी. पेन डिस्प्लेवर तुमचाच हात अर्धा फोटो झाकतो. फोनवर झूम करून पिंपल काढायला जाता तेव्हा पिंपल नेमकं बोटाखाली जातं ना, तसंच. टॅब्लेटवर फोटो आणि तुमच्यामध्ये काहीच येत नाही.

दुसरा मुद्दा रंगाचा. स्वस्त डिस्प्लेचा रंग आणि तुमच्या मॉनिटरचा रंग सहसा जुळत नाही. एकीकडे नवरी गहू रंगाची, दुसरीकडे गुलाबी. लॅबमधून अल्बम तिसऱ्याच रंगाचा येतो. वीस हजार असतील तर टॅब्लेट आणि एक बरा आयपीएस मॉनिटर, या जोडीत ते जास्त कामाला येतात.

तिसरा मुद्दा मान आणि वीज. डिस्प्लेवर मान खाली घालून आठ तास बसायचं. जुन्या रिटचिंग डेस्कसारखंच. स्टँड नसेल तर पाठ बोलते. आणि अनेक डिस्प्लेंना वेगळा अडॅप्टर लागतो. लाइट गेली की लॅपटॉप चालू आणि डिस्प्ले बंद. टॅब्लेट लॅपटॉपच्या यूएसबीवरच चालतो. गावाकडे हा मुद्दा छोटा नाही.

म्हणून अल्बम आणि फ्लेक्ससाठी: टॅब्लेट. साधारण दहा बाय सहा इंचाचा मध्यम आकार पुरतो. बसवताना सेटिंगमध्ये पाटीचा आकार पडद्याच्या प्रमाणात करा, नाहीतर गोल काढायला जाल आणि अंडं येईल. पेटीवर दाबाच्या पातळ्यांचा आकडा मोठ्या अक्षरात असतो, ८१९२ आणि १६३८४. त्याला भुलू नका, हाताला तो फरक कळत नाही. पेनाची टोकं झिजतात, ती जास्तीची मिळतात का ते बघा. टॅब्लेट फोनला लावणार असाल तर अनेक मॉडेल्स अँड्रॉइडवर चालतात, पण फोन उभा धरल्यावर बऱ्याचदा पाटीचा थोडाच भाग काम करतो, हे माहीत असू द्या.

डिस्प्ले कुणासाठी? तुमचं मुख्य काम जुने फोटो दुरुस्त करायचं असेल, म्हणजे मिशीचा केस न् केस नव्यानं काढायचा असेल, किंवा फोटोवरून पोर्ट्रेट रंगवत असाल, तर. तिथे तुम्ही टचिंगवाले कमी आणि चित्रकार जास्त असता. मग घ्या, पण काच आणि पडदा चिकटवलेला, म्हणजे लॅमिनेटेड असलेला घ्या. नाहीतर पेनाचं टोक आणि रेघ यांत फट दिसते आणि ज्यासाठी एवढे पैसे दिले तेच हातचं जातं.

आणि एक हिशेब: आधी टॅब्लेट घेऊन एक सीझन काढला आणि पुढे डिस्प्ले लागलाच, तर तुमचे तीन-चार हजार गेले. उलटं झालं तर वीस. शिवाय टॅब्लेटची सवय फुकट जात नाही.

हात कुठे थांबवायचा

आता मघाशी बाजूला ठेवलेली गोष्ट. पेन्सिलीनं उजळ करणं सोपं होतं म्हणून चेहरे उजळ होत गेले. आज पेनाला दोन्ही दिशा सारख्याच सोप्या आहेत. गडद करा, उजळ करा, कंट्रोल झेड आहेच. तरीही गिऱ्हाईक म्हणतं, "जरा गोरं करा." आणि आपण करतो. फ्लेक्सवरचे सगळे चेहरे एकाच रंगाचे. उन्हात उसाला पाणी देणारा माणूस आणि एसीत बसणारा माणूस, दोघं सारखेच गुलाबी. आता निळ्या उजेडाच्या काचेला दोष देता येत नाही.

२००२ मध्ये फोटोशॉपमध्ये हीलिंग ब्रश आला, २०१० मध्ये रिकामी जागा आपोआप भरायची सोय आली, २०२३ मध्ये एआयनं चित्र भरायची. पुढे डाग काढायला पेनच लागणार नाही, असं कुणी म्हणेल. साधे डाग काढायला कदाचित खरंच लागणार नाही. पण एआयला नखाएवढ्या चेहऱ्यावरून बापू मोठे करायला सांगा. सुंदर, स्वच्छ, रेखीव माणूस येईल. फक्त तो बापू असेलच असं नाही. आणि ते ओळखायला कोण बसलंय? ज्याला गावातली माणसं माहीत आहेत तो.

काय काढायचं आणि काय राहू द्यायचं, हा निर्णय पेनात नसतो. पिंपल काढा, ते आठवड्यानं जाणारच होतं. जखमेची खूण, गोंदण, उन्हानं रापलेला रंग, हे काढण्याआधी एकदा विचारा. नवरीला विचारा, तिच्या काकांना नाही! तीसेक वर्षांनी कुणीतरी हा अल्बम उघडेल आणि आपली आई कशी दिसत होती ते बघेल. त्या वेळी तिथे तुमच्या हातानं ठेवलेला चेहरा असणार आहे.

तर मंडळी, आज एवढंच. एक काम सांगतो: घरातल्या भिंतीवरचा सगळ्यात जुना फोटो खाली काढा, खिडकीजवळ न्या आणि तिरक्या उजेडात बघा. ब्रशच्या, रंगाच्या रेघा दिसतायत का? फोटोच्या मागे स्टुडिओचा शिक्का आहे का? असेल तर गावाचं नाव आणि साल आम्हाला कळवा, अशा स्टुडिओंवर एक वेगळा भाग करायचा आहे. भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा, आणि मान दुखत असेल तर जरा वर बघा!